फोटोत काही नाही!



यंदाच्या वैशाखात नात्यातल्या एका मुंजीला गेलो होतो. पंगत उठली, पानाचं तबक फिरलं आणि पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे डॉक्टरांना शिव्या घालायला बसली. (हा आपला राष्ट्रीय करमणुकीचा प्रकार आहे, मीही त्यात भाग घेतो.) तेवढ्यात आमच्या एका व्याह्यांनी विषय काढला तो आमच्याच घरातल्या मुलीचा. "अहो, पहिल्याच दिवशी फोटो काढला होता. फोटोत काही नव्हतं. पुढचं गळ्याला भोक काय, ऑपरेशन काय, सगळं डॉक्टरांनीच वाढवलेलं!" चारपाच माना डोलल्या. त्यावर बंगळुरूहून आलेला माझा पुतण्या उसळून म्हणाला, "चूक तिथेच झाली. तो एक्स-रे वगैरे सोडून आल्या आल्या आधी सीटी स्कॅनच करायला हवा होता. बाहेरच्या देशांत दारातून आत शिरला की स्कॅन!" त्यावरही माना डोलल्या. बऱ्याचशा त्याच.

मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या कार्यात वाद नको म्हणून, आणि दुसरंही एक कारण होतं, ते पुढे येईलच. पण घरी आल्यापासून हे डोक्यातून जात नाही. दोघंही चूक बोलत होते, आणि दोघांच्याही चुकीने उद्या कुणाच्या तरी मुलीचा जीव जाऊ शकतो, म्हणून हा लेख. नातेवाईक हे पान वाचतात हे मला माहीत आहे. राग आला तर फोन करा.

आधी काय घडलं ते सांगतो. मुलीला विचारलं होतं. "लिहा आजोबा, पण नाव नको," म्हणाली.

२०२२ च्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या भाच्याची मुलगी, वय एकोणीस, भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून कॉलेजला निघाली होती. गळ्यात ओढणी, दोन्ही टोकं पाठीवर. एक टोक मागच्या चाकात गेलं. चाकाने ओढणी गुंडाळायला कितीसा वेळ लागणार? गळ्याला हिसका बसला, ती मागे पडली, ओढणी फाटली म्हणून वाचली. सगळं मिळून दोन सेकंद.

इथे थोडं विषयांतर करतो. मोटरसायकलच्या मागच्या चाकावर जी जाळी असते, जिला आपण साडीगार्ड म्हणतो, ती शोभेची नसते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाने मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारं संरक्षण लावायलाच सांगितलं आहे. आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतल्याच्या आठवड्यातच ते काढून टाकलं होतं. "लुक जातो, आजोबा." इझाडोरा डंकन नावाची जगप्रसिद्ध नर्तिका १४ सप्टेंबर १९२७ ला फ्रान्समधल्या नीस गावी उघड्या मोटारीत बसली असताना तिचा लांबलचक रेशमी स्कार्फ असाच चाकात अडकला आणि ती गेली. डॉक्टरांच्या पुस्तकांत अशा इजेला तिचंच नाव आहे. आपल्याकडे त्या स्कार्फच्या जागी ओढणी असते, पदर असतो, मळणी यंत्रावर काम करणाऱ्या बाईच्या डोक्याचा रुमाल असतो. असो.

मी गावातच राहतो म्हणून मला पहिला फोन आला. तालुक्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात (नाव लिहिणार नाही, उगाच विचारू नका) पोचलो तेव्हा मुलगी खुर्चीवर बसलेली. गळ्यावर तांबडा वळ, रक्ताचा थेंब नाही. मानेचा फोटो काढला. एक्स-रे काढणारा माझा जुना विद्यार्थी निघाला. वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, मणके एकदम व्यवस्थित." डॉक्टरांनीही फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, हाड मोडलेलं नाही, मुका मार आहे, वेदनाशामक देतो, काही वाटलं तर या. तेवढ्यात भाच्याने विचारलं, "सीटी करायचा का?" डॉक्टर म्हणाले, इथे सोय नाही, जिल्ह्याला जावं लागेल, तुम्ही म्हणाल तसं.

"तुम्ही म्हणाल तसं" हे माझ्याकडे बघून म्हणाले होते. आणि मी म्हणालो, "फोटोत काही नाही ना? मग कशाला उगाच साठ किलोमीटर आणि साडेचार हजार? शिवाय ते किरण वेगळेच!"

मुंजीत मी गप्प का बसलो ते आता कळलं असेल. व्याही जे वाक्य बोलले, ते मूळ माझं आहे.

यातली खरी लाज पुढे आहे. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं. घोष आणि अघोष वर्ण शिकवताना पोरांना कंठमण्यावर बोट ठेवायला लावायचो. 'क' म्हणताना बोटाखाली काही हलत नाही, 'ग' म्हणताना गुणगुण जाणवते, ती स्वरयंत्रातल्या पडद्यांची. आणि ती मुलगी माझ्यासमोर बसून "आजोबा, घरी जाऊ" म्हणाली ते मला "खरी चाऊ" असं ऐकू आलं होतं. घोष गेला होता. कुजबुजल्यासारखा नुसता वारा येत होता. गिळताना तोंड वाकडं करत होती. मला ते ऐकू आलं, मी मनात म्हटलं, घाबरलीय पोर, रडून घसा बसलाय. ज्या गोष्टीचं शिक्षण घेतलं, ज्यावर पोट भरलं, ती कानावर पडत असताना मी काचेसारख्या एका काळ्या कागदावर विश्वास ठेवला.

संध्याकाळी मान सुजली. हात लावला तर कातडीखाली कुरकुर. कुरमुऱ्यांच्या पिशवीवरून बोट फिरवावं तशी. ती सूज नव्हतीच, हवा होती. श्वासमार्गाला कुठेतरी भोक पडलं की प्रत्येक श्वासाबरोबर थोडी हवा बाहेर मांसात शिरते, मग मानेत, छातीवर, कधी थेट पापण्यांपर्यंत पसरते. नऊ वाजता श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. १०८ ला फोन केला. त्या साठ किलोमीटरबद्दल लिहीत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाच्या एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आता पुतण्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो तेव्हा फोनवर होता आणि तिथेही हेच ओरडत होता, "आधी स्कॅन करा म्हणावं!" भाचाही तेच म्हणायला लागला. बाईंनी मुलीला आडवं होऊ दिलं नाही. बसल्या जागी नाकातून बारीक दुर्बीण घातली, तिला "ई म्हण" म्हणाल्या, अर्ध्या मिनिटात दुर्बीण काढली आणि ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगितलं. भाच्याने पुन्हा स्कॅनचं काढल्यावर म्हणाल्या, "काका, त्या मशीनमध्ये हिला उताणं झोपवावं लागेल. आतली सूज मागे पडली की श्वास बंद. फोटो येईल बाहेर, मुलगी येणार नाही." मुलगी जागी असतानाच, जागा बधिर करून, इजेच्या खाली गळ्याला छेद घेऊन श्वासाची नळी बसवली. श्वास सुरळीत झाला. मग, त्यानंतर, सीटी.

हा क्रम पाठ करावा असा आहे. श्वास आधी, फोटो नंतर. श्वास नीट चालू असेल, माणूस स्थिर असेल, तर सीटीसारखं साधन नाही. श्वास अडत असेल तर सीटीच्या खोलीइतकी वाईट जागा नाही, कारण तिथे रोगी आत आणि डॉक्टर काचेच्या बाहेर.

आता व्याह्यांचा मुद्दा. 'फोटोत काही नव्हतं.'

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी आमच्याकडची तालुक्याची फिल्म मागितली. खिडकीला लावून मला जवळ बोलावलं. मानेच्या मण्यांपुढे वरून खाली जाणारी एक बारीक काळी रेघ दाखवली. एक्स-रेत हवा काळी दिसते, हाड पांढरं. श्वासनलिकेची काळी पट्टी जिथे असायची तिथे होतीच. पण ही दुसरी रेघ तिच्या मागे, मांसात होती. तिथे हवेला काहीच काम नाही. म्हणजे सकाळी अकरा वाजताच कागदावर लिहिलेलं होतं की श्वासमार्ग फुटला आहे. कुणी वाचलंच नाही. कारण चिठ्ठीवर विचारलं होतं एवढंच की, 'मान, हाड मोडलंय का?' त्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं. नाही.

आम्ही मास्तर लोक हे रोज बघतो. विद्यार्थी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर लिहितो. चिठ्ठीवर 'ओढणीने गळा आवळला, आवाज बदलला, गिळताना दुखतं' असं लिहिलं असतं तर बघणाऱ्याची नजर मणक्यांवरून पुढे सरकली असती. त्या तालुक्याच्या डॉक्टरांना मी खलनायक करत नाही. स्वरयंत्राला बाहेरून मार लागून ते मोडणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. अमेरिकेतला नेहमी दिला जाणारा अंदाज अपघात विभागात येणाऱ्या ३०,००० रुग्णांत एक असा आहे. तालुक्याच्या डॉक्टरला आयुष्यात एकदा दिसेल, नाहीतर नाहीच. म्हणूनच आवाज बदललाय हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं. ते आम्ही होतो, आणि आम्ही सांगितलं नाही.

शिवाय ती काळी रेघ नसती, तरी 'फोटोत काही नाही' याचा अर्थ 'गळ्याला काही नाही' असा झाला नसता. आपलं स्वरयंत्र हाडाचं नसून कूर्चेचं असतं. श्वासनलिकेची सोळा ते वीस कडी, तीही कूर्चेची आणि मागून उघडी, इंग्रजी सी अक्षरासारखी. कूर्चा साध्या एक्स-रेत धड दिसत नाही. वय वाढतं तसं तिच्यात चुना भरत जातो, म्हणून माझ्या वयाच्या माणसाचा कंठमणी थोडाफार दिसेल. एकोणीस वर्षांच्या मुलीचा? तिच्या गळ्याचा फोटो काढून 'मोडलेलं काही दिसत नाही' म्हणणं म्हणजे अंधारात बघून खोली रिकामी आहे म्हणण्यासारखं.

तरीही साध्या फोटोला मी कमी लेखणार नाही. वाचणारा हवा. हवा नको त्या जागी आहे का हे तो सांगतो. हनुवटीखाली घोड्याच्या नालासारखं एक छोटं हाड असतं, ते साधारण मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीला असायला हवं. श्वासनलिका पूर्ण तुटली की वरचा भाग स्नायूंनी वर ओढला जातो आणि ते हाड तिसऱ्या मणक्याच्याही वर सरकलेलं दिसतं. मोडलेलं काहीच नाही, नुसती जागा बदललेली. छातीतली मोठी श्वासनळी तुटली, म्हणजे मोटारीचं स्टिअरिंग छातीवर आदळून वगैरे, तर फुप्फुस मुळाशी आकसण्याऐवजी देठ तुटलेल्या फळासारखं खाली पडलेलं दिसतं. बरगडीतून नळी घालून हवा काढावी तर बाटलीत बुडबुडे थांबतच नाहीत आणि फुप्फुस काही फुलत नाही. ही सगळी लक्षणं बोलकी आहेत. पण पुस्तकं हेही सांगतात की छातीतल्या श्वासनळ्या फाटलेल्या दहांतल्या एखाद्या रुग्णाच्या पहिल्या फोटोत काहीच दिसत नाही. तो माणूस घरी जातो, जखम आवळत भरते, नळी अरुंद होते आणि काही आठवड्यांनी त्या बाजूचं फुप्फुस बसतं. तेव्हा घरचे म्हणतात, "तेव्हा तर फोटो चांगला होता!"

सीटीचं तसं नाही. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरच्या यंत्राने १९७१ साली पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे काप दाखवले आणि १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल मिळालं. ते यंत्र सावकाश चालायचं. आजचं यंत्र काही सेकंदांत मानेपासून छातीपर्यंत मिलिमीटरभर जाडीचे काप काढतं, ते हव्या त्या बाजूने उभे-आडवे जोडून बघता येतात. आमच्या मुलीच्या स्कॅनमध्ये बाईंनी मला दाखवलं. कंठमण्याची ढाल उभी चिरली होती आणि एक बाजू आत दबली होती. मार रक्तवाहिन्यांना लागलाय का हेही शिरेतून औषध सोडून त्याच वेळी बघून घेतलं, कारण मानेतली मेंदूकडे जाणारी शीर आतून फाटली असेल तर दोन दिवसांनी अर्धांगवायूचा झटका येऊ शकतो. कुठे किती मोडलंय, किती सरकलंय, शस्त्रक्रिया लागणार की नुसती विश्रांती पुरे, हे ठरवायला सीटीच लागतो.

पण पुतण्या, ऐक. सीटीही देव नाही. कोवळी कूर्चा जागेवरच तडकली असेल तर ती त्यालाही चकवते. श्वासनलिकेच्या मागच्या पातळ पडद्याला पडलेली चीर त्याच्या नजरेतून सुटू शकते. शेवटचा शब्द दुर्बिणीचा, म्हणजे आत डोकावून डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाचा. आणि तुझा तो 'दारातून आत शिरला की स्कॅन' हा नियम त्या रात्री पाळला असता तर हा लेख मी वेगळ्या प्रकारे लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

राहता राहिले किरण, ज्यांची मी त्या दिवशी ढाल केली. छातीच्या सीटीत साधारण सहा-सात मिलिसिव्हर्ट किरण शरीरात जातात. निसर्गातून, म्हणजे जमिनीतून, आकाशातून, जगातल्या माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिळतातच. म्हणजे दोनतीन वर्षांची भर एकदम. सर्दीखोकल्यासाठी, किंवा 'पॅकेजमध्ये आहे म्हणून' कुणी स्कॅन करायला निघालं तर मी आजही आडवा येईन. पण आवळलेला गळा आणि बदललेला आवाज यांच्यापुढे तो हिशेब काढणं म्हणजे घर जळत असताना पाण्याचं बिल बघणं. मी ते केलं, आणि वर स्वतःला जागरूक नागरिक समजलो.

व्याही म्हणतील, सगळे डॉक्टर का साधू आहेत? नाहीत. नको ते स्कॅन लिहिले जातात, चिठ्ठीमागे पैसे फिरतात हे मी नाकारत नाही, यावर याच पानावर मागे लिहिलंय. पण चोर गावात आहेत म्हणून पोस्टमनलाही दार उघडायचं नाही असं ठरवलं तर नुकसान आपलंच. कुठला स्कॅन नको हे कळायचं तर कुठला हवा हेही कळायला हवं. नुसता संशय घेणं फार सोपं, त्याला अभ्यास लागत नाही.

संक्रांतीला नायलॉन मांजाने गळे कापले जातात. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी दर जानेवारीत पेपरात बातमी असतेच. त्या जखमा भयंकर, पण त्या दिसतात. रक्त दिसलं की कुणी 'फोटोत काही नाही' म्हणत नाही. धोका आहे तो न दिसणाऱ्या इजेत. ओढणी, रस्त्यात आडवी बांधलेली दोरी किंवा तार, गळ्यावर बसलेला क्रिकेटचा बॉल, बैलाचा धक्का. आणि घराच्या भिंतीआड दाबलेला गळा. त्याबद्दल बोलायला लोक कचरतात, म्हणून मुद्दाम लिहितो. बाईच्या गळ्यावर बोटांची खूण नाही म्हणून आत काही नाही असं नसतं. तिचा आवाज बसला असेल, गिळता येत नसेल, तर तिच्या शब्दावर विश्वास ठेवा आणि तिला घेऊन जा.

जाल तेव्हा आवाज बदललाय हे डॉक्टरांना स्वतःहून, मोठ्याने सांगा. त्यांनी तुमच्या माणसाला आधी बोलताना ऐकलेलं नसतं, तुम्ही ऐकलेलं असतं. कसं लागलं ते चिठ्ठीवर लिहून मागा. थुंकीत रक्त, कातडीखाली कुरकुर, आडवं झोपवत नाही, यातलं काहीही असलं तर घरी घेऊन जायला ठाम नकार द्या. आणि डॉक्टर स्कॅनआधी श्वासाची सोय करतो म्हणाले तर बंगळुरूला फोन लावू नका.

आमच्या मुलीच्या कंठमण्याला दोन बारीक पट्ट्या बसवल्या. गळ्याची नळी तीन आठवड्यांनी निघाली. अशा इजेत पहिल्या दिवसा-दोन दिवसांत दुरुस्ती झाली तर आवाज चांगला परत येण्याची शक्यता जास्त असते. आमचे पहिले बारा तास मी घालवले. आता ती बोलते, 'घ'चा 'घ' उमटतो, पण आवाज खरखरीत आहे, वर चढत नाही. गौरीच्या गाण्यांत तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. आता टाळ्या वाजवते. मी एकदा तिच्याजवळ विषय काढला, माझं चुकलं म्हणालो. "आजोबा, जिवंत आहे ना?" म्हणाली आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्याकडे एक कार्य आहे. व्याही येणारच. तालुक्याची ती जुनी फिल्म मी भाच्याकडून मागून आणली आहे, कपाटात पंचांगाखाली ठेवली आहे. या खेपेला पंगत उठली की ती खिडकीला लावणार आहे आणि रेघ कुठे आहे ते त्यांनाच शोधायला सांगणार आहे.